अभिनंदनची पाळी

आमच्या घरात 'अभिनंदन' हा शब्द दिवसातून वीस वेळा तरी उच्चारला जातो, आणि लग्नानंतरची सहा वर्षं त्यातला एकही उच्चार कुणाचं कौतुक करण्यासाठी नव्हता. अभिनंदन हे माझ्या नवऱ्याचं नाव. अभिनंदन मगदूम. चौथ्या तीर्थंकरांचं नाव, ते मोडायचं नाही असा सासूबाईंचा दंडक. त्यामुळे त्याचा ना कधी अभी झाला ना नंदू. कुणीही कुठेही 'अभिनंदन' म्हटलं की 'ओ' द्यायची त्याला लहानपणापासून सवय. आमच्या लग्नात पाहुणे स्टेजवर येऊन हात हातात घेऊन 'अभिनंदन' म्हणायचे, आणि हा प्रत्येकाला ओ देऊन पुढे काय म्हणतात त्याची वाट बघत राहायचा.

मी त्रिशला. इचलकरंजीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. पुनरुत्पादनाचा धडाही माझ्याकडेच. पोरं त्या धड्याला खाली मान घालून बसतात, पण स्टाफरूममधल्या बायका मान वर करून विचारतात, "त्रिशला, धडा दरवर्षी शिकवतीस, गृहपाठ कधी करणार?" मी सगळ्यांबरोबर हसायची. मग नळावर जाऊन तोंड धुऊन यायची. मला मूल हवं होतं. लोकांसाठी नको होतं, सासूसाठी नको होतं, मला हवं होतं.

सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीनं मी आत्ती म्हणते. आत्ती मला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एक दिवस बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, सभागृहातून एक यंत्र आणलं.

यंत्राचं नाव 'घटिका'. दिसायला छोट्या तांब्याएवढं, पांढरंशुभ्र. बरोबर गादीखाली सरकवायची एक पट्टी आणि न्हाणीघरात लावायची एक चकती. शिवाय एक निळी डबी होती, तिच्याबद्दल पुढे. आत्तींनी यंत्र टीव्हीशेजारी ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं, आणि सुरुवातीला त्यानं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'व्हय' म्हटलं. कुटुंबाला आनंदाची बातमी परस्पर कळवू का, हाही त्यातलाच एक प्रश्न होता.

घटिकेमागचं विज्ञान खोटं नव्हतं, हे आधी सांगते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस जगतं. पुरुषबीज चांगल्या परिस्थितीत पाचेक दिवस तग धरतं. म्हणजे महिन्यातल्या मोजक्याच दिवसांत दोघांची गाठ पडू शकते. एरवी एक स्टँडवर आणि दुसरा अजून घरात. बीज सुटायच्या आधी शरीरात एक हार्मोन एकदम चढतं, ते चकतीला लघवीतून कळे. बीज सुटल्यावर अंगाचं तापमान किंचित वाढतं, तेवढी वाढ गादीखालची पट्टी टिपे. या सगळ्यावरून योग्य वेळ ठरली की घटिका देवळातल्यासारखी घंटा वाजवी.

पण कंपनीला आपल्या यंत्राचा खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. प्रात्यक्षिक दाखवायला पुण्याहून आलेली मुलगी म्हणाली होती, "आजवर डॉक्टरांनी बायकांचं ऐकलं नाही. आमचं यंत्र ऐकतं. मोजमाप एक सांगत असेल आणि बाई दुसरं सांगत असेल, तर आम्ही बाईच्या शब्दाला जास्त वजन देतो." सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्यासाठी यंत्र घरातलं बोलणं ऐकायचं. आवाज साठवायला कायद्यानं बंदी होती, म्हणून ते फक्त शब्द टिपून ठेवी, आणि बोलणारा बाप्या की बाई हे क्रियापदावरून ओळखी. 'गेले' म्हटलं की बाई, 'गेलो' म्हटलं की बाप्या. पुण्यात हे झकास चाललं. आमच्या जिल्ह्यात मात्र बोंब झाली, कारण आमच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. मीसुद्धा वर्गात 'आले' म्हणते आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की 'आलो'. तिकडं जयसिंगपुरात म्हणे एका बाईला घटिकेनं आठवडाभर सांगितलं, 'कृपया आपल्या पत्नीला बोलवा.' तेव्हा कंपनीनं खास कोल्हापूर जिल्ह्यासाठी दुरुस्ती केली: इथं 'आलो-गेलो' म्हणणारी व्यक्ती बाईच समजावी.

या दुरुस्तीलाही आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग आमच्या घरात घंटा वाजू लागली. ती कधी वाजेल याचा नेम नव्हता. मी शाळेत असले तर फोनवर वाजे, आणि मी गॅस चालू राहिल्याचं सांगून घरी पळे. पुढं पुढं तर हेडबाईच म्हणायला लागल्या, "त्रिशला, तुमचा गॅस बदलून घ्या." अभिनंदन सूतगिरणीत सुपरवायझर. यंत्रमानव आले, धागे जोडायला लागले, पण त्या यंत्रमानवांवर नजर ठेवायला तीन पाळ्यांत माणसं लागतातच. हा तिसरी पाळी करून येऊन मेल्यासारखा झोपलेला असायचा, आणि घंटा झाली की दचकून उठून आधी बूट शोधायचा.

आत्तींना घंटा ऐकू आली की त्या लगबगीनं पिशवी उचलायच्या. "मी बस्तीला जातो," त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. "दोन तास येत न्हाई. येताना भाजी बी आणतो. म्हंजे अडीच." आणि समोरच्या चौगुलेवहिनींच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या. तिथून आमचं दार दिसतं. प्रेमाला हजेरी लागली की त्याचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आम्ही दोघं शेजारी आडवे पडून छताकडं बघायचो आणि अभिनंदन म्हणायचा, "उरकूया काय?"

एवढं करून काही होईना. आणि घटिकेचं माझ्याविषयीचं मत दिवसेंदिवस वाईट होत चाललं.

"आपली पाळी अत्यंत अनियमित आहे," ती शुद्ध पुणेरी मराठीत सांगे. "दर आठवड्याला बदलते आहे. कृपया ताण घेऊ नका. गादीखालची पट्टी बहुधा सरकली आहे, तिची मोजमापं जुळत नाहीत."

मी पट्टी शंभरदा नीट लावली. माझं शरीर तसं वक्तशीर, वयात आल्यापासून कधी चुकार नाही. मी तसं म्हटल्यावर घटिका म्हणाली, "बाह्य चक्र नियमित भासलं तरी अंतर्गत चक्र अनियमित असू शकतं." मी पडले विज्ञानाची शिक्षिका. यंत्र समोर निदान सांगत असताना आपल्या पोटाचं ऐकणं ही मला अंधश्रद्धा वाटली.

आत्तींनी कुठून तरी पाळी नियमित करणारा काढा मिळवला. हिरवट काळा, कडू जहर, प्यायल्यावर तासभर जिभेला दुसरी चव कळू नये असा. सकाळ-संध्याकाळ त्या ग्लास हातात देत आणि मी पीत असताना दुसरीकडे बघत. अभिनंदनही दुसरीकडेच बघे. आणि ती निळी डबी कपाटावर तशीच पडून होती. ती त्याच्यासाठी होती: नमुना घ्यायची एक नळी आणि फोनच्या कॅमेऱ्याला लावायचं भिंग. मी आठवण करून दिली की तो म्हणायचा, "करतो की. पण दोष तर घावलाय न्हवं?" दोष म्हणजे मी.

मग तो सोमवार आला.

आदल्या दिवशी अभिनंदननं दोन पाळ्या सलग केल्या होत्या आणि कॅन्टीनची मिसळ खाल्ली होती. मिसळ त्याला बाधली, पण तिच्यात कांदा होता, त्यामुळे आईला सांगायची सोय नव्हती. मी शाळेत गेले, आत्ती बस्तीला गेल्या, आणि हा उठला तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. यानं घटिकेशेजारी उभं राहून गिरणीतल्या बिरनाळेसाहेबांना फोन लावला. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

"साहेब, माझी पाळी चुकली," अभिनंदन म्हणाला. "न्हाई न्हाई, आजवर कधी चुकली न्हाई. ही पहिलीच येळ. सकाळपास्नं मळमळालंय, चक्कर येतीया. दोनदा उलटी केलो. व्हय, दवाखान्यात दाखवून येतो."

त्यानं फोन ठेवला. टीव्हीशेजारून मंजूळ आवाज आला.

"अभिनंदन."

"ओ," अभिनंदन म्हणाला.

"अभिनंदन."

"ओ, बोल की."

"आपल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण जवळ आला आहे. जड उचलू नका. अभिनंदन."

"ऐकतोय गं बाई, पुढं बोल," असं म्हणत हा तिसऱ्यांदा उलटी करायला न्हाणीघरात गेला. तोवर घटिकेनं आत्तींना, कुरुंदवाडच्या नणंदेला, माझ्या माहेरी आणि आत्तींनी 'व्हय' म्हणून जोडलेल्या महिला मंडळाला बातमी कळवली होती. त्या मंडळात आमच्या हेडबाईही होत्या.

मी नववीच्या वर्गातून बाहेर पडले तर हेडबाई व्हरांड्यात उभ्या. चेहरा फुललेला. "अभिनंदन!" त्या म्हणाल्या.

"ते गिरणीत गेलेत, बाई," मी म्हणाले. "काही निरोप द्यायचाय का?"

त्यांनी मला मिठीच मारली. मिठीत असतानाच मला कळलं की काय झालंय, आणि हेही कळलं की ते झालेलं नाही. कारण कालच मला पाळी आली होती. ओटीपोटात कळा येत होत्या, कमर मोडली होती. त्या क्षणी पृथ्वीनं मला पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते, पण हेडबाई सोडेचनात.

घरी आले तर आत्ती दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. त्यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकला. हॉलमध्ये सात-आठ बायका, मध्ये पेढ्यांचा रिकामा बॉक्स. मी सरळ आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. अभिनंदन कॉटवर पांढराफटक होऊन बसला होता.

"मला आधी का न्हाई सांगितलंस?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याची फार दया आली.

"काय सांगणार? मला काल पाळी आलीया."

बाहेर कुणीतरी डोहाळजेवणाचं ठरवत होतं. मी जाऊन घटिका उचलून आत आणली, मांडीवर घेतली आणि विचारलं, "तुला कुणी सांगितलं मला दिवस गेलेत म्हणून?"

"आपणच," घटिका म्हणाली. "'साहेब, माझी पाळी चुकली. दोनदा उलटी केलो.' आपला शब्द आमच्यासाठी अंतिम आहे."

अभिनंदननं मान वर केली.

"आणि पाळी अनियमित कशावरून?"

"आपणच वेळोवेळी सांगितलंत. 'या आठवड्यात तिसरी पाळी हाय.' 'काल दोन पाळ्या सलग केलो.' 'पाळी बदलून मागतो, पण साहेब देत न्हाई.' अशी लक्षणं वैद्यकशास्त्रात दुर्मीळ आहेत. म्हणूनच आम्ही ताण घेऊ नका म्हणत होतो."

आधी मी हसले. पोट दुखत असताना पोट धरून हसले. वर्षभर ती घंटा माझ्या शरीराच्या नव्हे, सूतगिरणीच्या वेळापत्रकावर वाजत होती. गिरणीनं पाळी बदलली की आमच्या घरी मुहूर्त निघायचा. आणि मग माझ्या डोळ्यांना धार लागली, ती हसण्याची नव्हती. गादीखालची पट्टी बिचारी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. माझं शरीर ठीक होतं. आणि मी त्याला काढा पिऊन पिऊन शिक्षा करत होते.

आत्ती दारात उभ्या होत्या. माझ्यासाठी राखून ठेवलेला शेवटचा पेढा त्यांच्या हातात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग ह्या पोरीला मी काढा पाजला," त्या हळू म्हणाल्या, "तो कुणाच्या पाळीवर?"

"गिरणीच्या, आई," अभिनंदन म्हणाला.

आत्ती खाली बसल्या. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं माझं, बाई," एवढंच म्हणाल्या. सहा वर्षांत त्या मला पहिल्यांदा बाई म्हणाल्या. नंतर त्यांनी कपाटावर बघितलं.

"ती निळी डबी कशाची?"

"पुरुषाची," मी म्हणाले.

"उघडली न्हाईस?" त्यांनी लेकाला विचारलं. लेक पंख्याकडं बघायला लागला. पंखा बंद होता.

"बाहेरच्या बायकांस्नी काय सांगायचं ते मी सांगतो," आत्ती उठत म्हणाल्या. "तू डबी काढ. आजवर समदं हिनं सोसलं. आता तुझी पाळी."

"नवीन पाळी नोंदवली आहे," घटिका म्हणाली. मी तिची वायर उपटली.

आत्तींनी बायकांना काय सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. "यंत्र खुळं हाय," त्या म्हणाल्या. "पेढं मात्र खरं हुतं. खाल्लासा ते बरं केलासा. आता चला." पुढं कळलं, गिरणीवाल्या आणखी दोन घरांत असेच पेढे वाटून झाले होते.

अभिनंदननं दुसऱ्या दिवशी नमुना घेतला. भिंग फोनला लावून आम्ही दोघं कॉटवर बसून पडद्याकडं बघायला लागलो. वर्गात मी जे चित्र काढते त्यात सगळे एका दिशेनं सुसाट पळत असतात. इथं गर्दीच नव्हती. जे होते त्यांतले काही जागच्या जागी गोल फिरत होते, काही नुसते पडून होते.

"हे तर तिसऱ्या पाळीचे कामगार दिसतात," अभिनंदन म्हणाला.

मी हसले नाही. तोही हसला नाही. मग तो खाली बघून बोलायला लागला. "मला भ्या वाटत हुतं. डबी उघडली आन् माझ्यातच कमी निघाली तर? तू काढा प्यायचीस ते बघवत नव्हतं. पण त्रिशला, खरं सांगतो, मनातनं बरं बी वाटायचं. म्हटलं, म्हंजे माझ्यात न्हाई."

मला राग आला. इतका, की त्याच्या खऱ्या बोलण्याचंही कौतुक वाटेना. मी उशी उचलून आत्तींच्या खोलीत जाऊन झोपले.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर अभिनंदन पाटावर बसला होता आणि आत्तींनी त्याच्यापुढं ग्लास ठेवला होता. तोच काढा, तोच ग्लास. त्यानं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड जे वाकडं झालं ते सरळ होईना.

"हे तू रोज पीत हुतीस?" त्यानं मला विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "आई, ह्याचा मला काय उपेग? हे तर बायकांचं औषध."

"ठाऊक हाय मला," आत्ती म्हणाल्या. "पी."

त्यानं उरलेला काढा एका दमात प्यायला. माझा राग तिथं थोडा उतरला, सगळा नाही.

मग आम्ही यंत्राऐवजी माणसाकडं गेलो. डॉक्टरीणबाईंनी अभिनंदनची तपासणी केली आणि समजावून सांगितलं: पुरुषबीज तयार व्हायला शरीरापेक्षा दोनेक अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गानं तो कारखाना शरीराच्या बाहेर लटकवलाय. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा गरम आणि दमट ठेवतात. सुताला ते मानवतं, सुपरवायझरला मानवेलच असं नाही. त्यात सतत बदलत्या पाळ्या, झोपेचा पत्ता नाही. "हेच कारण असेल असं छातीठोक सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण बदलून बघा. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, तोवर धीर धरा. आणि पाळी बाईंचीच धरायची बरं का."

पाळी बदलून घ्यायला कारण द्यावं लागतं. अभिनंदननं ते बिरनाळेसाहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं: आमच्या घरात दोष हिचा नाही, माझा आहे, मला गोदामात आणि कायमची पहिली पाळी द्या. आधी हशा झाला. पण सुटी झाल्यावर दोन सुपरवायझर एकेकटे, इकडंतिकडं बघत, त्याच्या गाडीपाशी आले आणि त्यांनी विचारलं, "मगदूम, ती निळी डबी कुठं मिळतीया?" हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवशी मी माझी उशी परत आणली.

घटिका आत्तींनी टीव्हीशेजारीच ठेवली, वायर न लावता. तिच्यावर त्या आता बस्तीला न्यायची फुलं ठेवतात. घंटा बंद झाल्यावर आम्हाला पुन्हा एकमेकांशी बोलायला सुचायला लागलं. कधी कधी तर आत्ती घरात असतानाही आम्ही दार लावून घ्यायचो आणि त्या आपणहून भाजी आणायला जायच्या, गल्लीला न सांगता.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका दुपारी मी हाफ डे टाकून डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. घरी येऊन आत्तींना काही सांगितलं नाही. अंगणाच्या पायरीवर बसून वाट बघत राहिले. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं अभिनंदनची गाडी आली.

"अभिनंदन," मी म्हणाले.

"ओ," तो हेल्मेट काढत म्हणाला.

"अभिनंदन."

"ऐकतोय की, बोल." एका पायातली चप्पल काढून तो दुसरी काढायला वाकला.

"अभिनंदन," मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी माझा आवाज फुटला.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आत्ती ओल्या हातांनी दारात आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि लेकाला म्हणाल्या, "अरं खुळ्या, ती तुला हाक न्हाई मारत."

अभिनंदन एका पायात चप्पल, एक हातात, तसाच उभा राहिला. मग त्याला कळलं, आणि तो माझ्या शेजारी पायरीवर बसला.